तुमचा कोला कोणता? थम्स अप, कोका-कोला, पेप्सी आणि कॅम्पाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नाशिकच्या घरी दर उन्हाळ्यात गच्चीवर कोलाची परीक्षा होते. नावं झाकलेले पेले, हातात वही, आणि आत्यापासून भाच्यापर्यंत सगळे परीक्षक. दरवर्षी नवा कुणीतरी पाहुणा येतो आणि तेच प्रश्न विचारतो. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

या कोलांच्या चवीत खरंच फरक आहे, की नुसता जाहिरातींचा खेळ?

फरक आहे, आणि थोडी सवय झाली की डोळे मिटूनही कळतो. पेप्सी पहिल्याच घोटाला गोड लागते आणि तिच्यात लिंबाच्या सालीसारखा एक हलका आंबटपणा असतो. कोका-कोलात व्हॅनिला पुढे असते. त्याचा गोडवा सावकाश येतो आणि सावकाशच जातो. थम्स अप तोंडात कमी गोड भासतं, त्यात दालचिनी-लवंगेसारखा मसाला जाणवतो आणि शेवटी सुपारीसारखा किंचित तुरटपणा राहतो. नव्या रूपातला कॅम्पा माझ्या जिभेला पेप्सीच्या जवळचा, पण जरा हलका वाटतो. तो घसा कमी जाळतो.

सांगाडा मात्र सगळ्यांचा एकच: पाणी, साखर, कार्बन डायऑक्साइड, आंबटपणासाठी फॉस्फोरिक आम्ल, जळक्या साखरेचा तपकिरी रंग आणि कॅफीन. लेबलवर ३३८ हा आकडा दिसला तर ते फॉस्फोरिक आम्ल, आणि १५०डी म्हणजे तो रंग. उरलेली सगळी ओळख ‘स्वाद’ या एका शब्दात दडलेली असते. लिंबूवर्गीय फळांची तेलं, व्हॅनिला, दालचिनी, जायफळ यांचं प्रमाण कुणी किती ठेवलं, यावर सगळी लढाई आहे.

तुमचा आवडता कोणता?

थम्स अप. काचेच्या बाटलीतलं आणि इतकं गार की बाटलीला घाम फुटलेला असावा.

थम्स अप घशाला एवढं का झोंबतं? त्यात कॅफीन जास्त असतं म्हणून?

झोंबण्याचा कॅफीनशी संबंध नाही. कॅफीन कडू असतं, तिखट नसतं. झोंबतो तो वायू. एक लिटर कोलात साधारण साडेतीन ते चार लिटर कार्बन डायऑक्साइड दाबून विरघळवलेला असतो. जिभेवर एक विकर (एन्झाइम) त्याचं कार्बोनिक आम्लात रूपांतर करतं आणि ते आम्ल वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतं. या तंतूंवरचा जो ग्राहक (संवेदना टिपणारा रेणू, रिसेप्टर) वायूला प्रतिसाद देतो, तोच मोहरीच्या तेलालाही देतो. ताज्या लोणच्यातली मोहरी नाकात चढते तेव्हाचा झणका आणि कोलाचा झणका नात्यातले आहेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. लोणच्यावर वाढलेल्या माणसांना हा कोला जवळचा वाटला, यात मला नवल वाटत नाही.

पण नावं झाकून प्यायलं की पेप्सी जिंकते, असं ऐकलं आहे. खरं आहे का?

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण आवडता कोला निवडताना होणारी सगळ्यात मोठी चूक इथेच दडली आहे.

१९७५ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसला, पेप्सीने ‘पेप्सी चॅलेंज’ सुरू केलं. दुकानात टेबल मांडायचं, नावं झाकून दोन छोटे पेले द्यायचे आणि कुठला आवडला ते विचारायचं. जास्त लोक पेप्सीकडे बोट दाखवत, आणि पेप्सीने त्याच्या जाहिराती केल्या. कोका-कोला कंपनी त्याने अस्वस्थ झाली. तिने जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन एक नवा, अधिक गोड कोला तयार केला. चाचण्यांत तो जुन्या कोकलाही हरवत होता आणि पेप्सीलाही. २३ एप्रिल १९८५ ला जुना कोक बंद करून हा नवा बाजारात आणला. लोक खवळले. पत्रांचा आणि फोनचा पूर आला, काहींनी जुन्या कोकची खोकी घरात साठवली. ७९ दिवसांत, ११ जुलैला, जुना कोक परत आणत असल्याचं कंपनीला जाहीर करावं लागलं.

दोन लाख लोकांच्या जिभा चुकल्या नव्हत्या. प्रश्न चुकीचा विचारला होता. एका घोटात गोड पदार्थ नेहमी पुढे जातो. मिठाईच्या दुकानात चवीला दिलेला तुकडा आणि पंगतीतली वाटीभर बासुंदी यांत जो फरक, तोच इथे. पहिला घोट सुखावतो, पण पेला अर्धा झाला की तोच गोडवा जड होतो. जो कोला पहिल्या घोटाला कडक वाटतो, तो शेवटच्या घोटापर्यंत साथ देऊ शकतो. शिवाय माणूस कोला घरी, जेवणासोबत, ओळखीच्या बाटलीतून पितो. दुकानातल्या टेबलापाशी उभा राहून दोन चमचे पीत नाही.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: घोटावर निवड करू नका, पूर्ण पेला संपवून करा.

मग बाटलीवरच्या नावाचा काहीच परिणाम होत नाही?

होतो, आणि मोजता येईल इतका होतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या शास्त्रज्ञांनी लोकांना कोक आणि पेप्सी पाजताना त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. नाव न सांगता दिल्यावर पसंती जवळपास समसमान होती. ‘हा कोक आहे’ असं आधी कळल्यावर मात्र आठवणींशी संबंधित भाग कामाला लागले आणि पसंती कोककडे झुकली. मला यात फसवणूक दिसत नाही. परीक्षा संपल्याच्या दिवशी वडिलांनी घेऊन दिलेली बाटली ही चवीचाच भाग आहे. फक्त जिभेला काय आवडतं आणि आठवणीला काय आवडतं, हे एकदा वेगवेगळं पाहून घ्यावं.

थम्स अप भारतीय की परदेशी?

जन्माने पक्कं भारतीय, मालकीने १९९३ पासून कोका-कोलाचं.

१९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता. कोका-कोलाच्या बाबतीत पेयाची गुप्त पाककृती उघड करण्याचाही प्रश्न आला आणि कंपनीने देश सोडला. रिकाम्या जागेत तिघे उतरले. सरकारी मॉडर्न फूड इंडस्ट्रीजने ‘डबल सेव्हन’ आणला. नाव त्या वर्षावरून, पण तो टिकला नाही. आधी कोका-कोलाच्याच बाटल्या भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्सने कॅम्पा कोला आणला. आणि मुंबईच्या पार्लेच्या रमेश आणि प्रकाश चौहान या भावांनी थम्स अप. इंग्रजी शब्दातलं ‘बी’ अक्षर नावातून गाळलेलं आहे, ते मुद्दाम.

पुढे १९९० मध्ये पेप्सी आली. तिला नुसतं परदेशी नाव लावायची परवानगी नव्हती, म्हणून ‘लेहर पेप्सी’. १९९३ मध्ये कोका-कोला परतला आणि त्याने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा, सिट्रा ही नावं विकत घेतली. आता थम्स अप मागे पडणार, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं होतं. झालं उलट. २०२१ मध्ये थम्स अपची वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरवर गेल्याचं त्याच कंपनीने जाहीर केलं. परदेशी कंपनीच्या कपाटात तिचा स्वतःचा जगप्रसिद्ध कोला असताना आपल्याकडची चव तिला जपावी लागली, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आमच्या भागात तर थम्स अप नावाचा डोंगरच आहे. मनमाडजवळ, अनकाई-टनकाईच्या शेजारी, हडबीची शेंडी नावाचा सुळका अंगठा वर केल्यासारखा उभा आहे. रेल्वेतून जाताना पोरं खिडकीतून ओरडतात, “थम्स अप आला!”

लहानपणी एक रुपयाची ‘पेप्सी’ खायचो. ती याच कंपनीची होती का?

नाही. प्लास्टिकच्या लांबट नळीत गोठवलेलं रंगीत गोड पाणी म्हणजे महाराष्ट्रातल्या पोरांची पेप्सी, किंवा पेप्सीकोला. ती गल्लीतल्या बर्फवाल्याकडे किंवा शाळेसमोरच्या दुकानात मिळायची, दाताने टोक फाडून चोखायची. केशरी, काला खट्टा, कधी दुधाची. कोलाशी तिचा संबंध नावापुरता. पण चाचणीत ‘मला पेप्सी आवडते’ म्हणणाऱ्यांत या नळीच्या आठवणीने म्हणणारे किती, हे मी नेहमी विचारून घेते.

आताचा कॅम्पा हा जुनाच कॅम्पा आहे का?

नाव तेच, घर नवं. रिलायन्सने २०२२ मध्ये हे नाव विकत घेतलं आणि २०२३ च्या मार्चमध्ये कोला, लिंबू आणि संत्रं अशा तीन चवींत पुन्हा बाजारात आणलं. दहा रुपयांच्या छोट्या बाटलीमुळे तो गावोगावी पोचला. माझी आत्या ऐंशीच्या दशकातली कॅम्पावाली. तिने नव्या बाटलीतला पेलाभर शांतपणे संपवला आणि म्हणाली, “हा तो नाही गं. पण हाही चांगला आहे.” चवीच्या आठवणीबद्दल याहून प्रामाणिक निकाल मी ऐकलेला नाही.

मुंबईकरांना हे नाव वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीमुळेही ठाऊक आहे. ती जमीन मूळची महापालिकेने प्युअर ड्रिंक्सला भाडेपट्ट्याने दिलेली. बेकायदा मजल्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, ते तिथलंच.

काचेच्या बाटलीतला कोला जास्त चांगला लागतो, हा भ्रम आहे का?

भ्रम नाही. आतलं पेय तेच असतं, पण प्लास्टिकच्या बाटलीतून वायू हळूहळू बाहेर झिरपतो. बाटली जितकी छोटी तितकं हे लवकर होतं, कारण आतल्या पेयाच्या मानाने तिचा पृष्ठभाग जास्त. काचेतून वायू जात नाही आणि काचेला स्वतःची चवही नसते. म्हणून दोन कोलांची तुलना करताना दोन्ही एकाच प्रकारच्या आणि एकाच मापाच्या बाटलीतले घ्या. एक काचेतला आणि दुसरा प्लास्टिकमधला असेल, तर तुम्ही बाटल्यांची तुलना करताय.

दुकानातून घेताना उन्हात मांडलेल्या क्रेटमधली बाटली घेऊ नका, आतली मागा. आणि तारीख पाहा.

उघडलेल्या मोठ्या बाटलीतला गॅस टिकवायचा कसा?

घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये. थंड पाण्यात वायू जास्त विरघळून राहतो. बूच लावण्याआधी बाटली दाबून हवा काढण्याची युक्ती उलटी पडते. बाटली पुन्हा फुगायला लागते आणि ती जागा भरायला पेयातलाच वायू बाहेर येतो. ओतताना पेला तिरका धरा, नाहीतर निम्मा गॅस फेसातच जातो.

अमेरिकेतल्या मुलीकडे गेलो होतो. तिथला कोक वेगळा का लागला?

तिथे बहुतेक कोलात मक्यापासून काढलेला गोड पाक वापरतात, आपल्याकडे उसाची साखर. तिथली भारतीय मंडळी साखरेचा कोक हवा असला की काचेच्या बाटलीतला मेक्सिकोचा कोक शोधतात. ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या सुमाराला पिवळ्या बुचाच्या बाटल्या येतात, त्यांतही साखर असते, कारण त्या दिवसांत अनेक ज्यू कुटुंबं मका खात नाहीत. आणि भारतीय किराणा दुकानांत थम्स अप मिळतं. मुलीला विचारा, तिला दुकान ठाऊक असेल.

साखर कशात कमी असते?

पूर्ण साखरेच्या कोलात १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत पाच ते सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम मानते. एका बाटलीत तो दिवस संपतो. कंपन्यांमधला फरक यापुढे किरकोळ आहे, आणि कृती बदलत असल्याने तो लेबलवरच पाहावा. गेल्या काही वर्षांत साखर कमी करून कृत्रिम गोडी मिसळलेले कोलाही आले आहेत. ९५०, ९५१ किंवा ९५५ हे आकडे दिसले की ओळखा.

मी स्वतः आठवड्यातून एकदा पिते आणि तो दिवस मनापासून साजरा करते. लहान मुलांना रोज देऊ नका. साखरेइतकंच कॅफीनही त्याला कारण आहे. जुलाब लागल्यावर तर कोला नकोच, तिथे ओआरएस.

डाएट आणि झीरो यांत फरक काय?

डाएट कोक १९८२ मध्ये आला आणि त्याची चव मुळातच वेगळी बांधलेली आहे. कोकमधून साखर काढली की डाएट कोक होत नाही. कोक झीरो २००५ चा, आणि तो मूळ कोकसारखा लागावा म्हणूनच केलेला. पेप्सी ब्लॅकही याच वाटेवरची. कोक आवडणाऱ्याला साखर टाळायची असेल तर झीरो घ्यावा.

२०२३ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडीला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. त्याच वेळी संघटनेच्या अन्नविषयक तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या किलोला ४० मिलिग्रॅम अशी कायम ठेवली. साठ किलोच्या माणसाला ती गाठायला रोज बरेच कॅन प्यावे लागतील. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र ते पूर्ण टाळावं. लेबलवर तशी सूचना असते.

मधुमेह असलेल्यांच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक हवी: साखर अचानक खाली गेली तर साखरेचा कोला कामी येतो, झीरो अजिबात नाही.

कीटकनाशकांचं प्रकरण काय होतं?

२००३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बारा शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. दोन्ही कंपन्यांनी ते नाकारलं. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि २००४ च्या फेब्रुवारीत तिने ते निष्कर्ष उचलून धरले. मुळाशी जमिनीतलं पाणी होतं. शेतात मारलेली औषधं तिथपर्यंत पोचली होती. तेच पाणी गावं पीत होती, याची चर्चा बाटल्यांच्या मानाने फार कमी झाली. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

कोलात दात ठेवला तर रात्रीत विरघळतो का?

नाही. पण आम्ल खरं आहे आणि ते दातांचं वरचं कवच मऊ करतं. तास-तास घोट घेत बसू नका, आणि प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका. अर्धा तास जाऊ द्या.

जेवणासोबत कुठला?

चिकन बिर्याणी, अंडाभुर्जी-पाव, तिखट तर्रीची मिसळ: थम्स अप. मसाल्यापुढे टिकेल असा तोच. (मिसळीसोबत ताक पिणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, त्यांचं बरोबर आहे.) वडापाव आणि बटाट्याच्या वेफर्ससोबत पेप्सी छान, कारण खारटपणाला तिचा गोडवा हवा असतो. पिझ्झाबरोबर कोक. लिंबू, चाट मसाला आणि बर्फ घालून मसाला कोला करणार असाल तर स्वस्तातला कुठलाही चालेल. चव मसाल्याचीच लागते.

घरी खरी परीक्षा कशी घ्यायची?

दोन टप्प्यांत. आधी पाहा की तुम्हाला फरक कळतो का. एकाने दुसऱ्या खोलीत तीन पेले भरायचे, दोनांत एकच कोला आणि तिसऱ्यात वेगळा. पिणाऱ्याने वेगळा ओळखायचा. असे सहा डाव. नुसत्या अंदाजाने सहापैकी चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता दहा टक्के असते, पाच किंवा जास्त येण्याची दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणून आमच्या गच्चीवर पाच बरोबर आल्याशिवाय ‘मला कळतं’ म्हणायची परवानगी नाही. पेल्यात २० मिलीच ओता आणि रोज तीनच डाव घ्या, नाहीतर साखर फार होते. सगळ्या बाटल्या एकाच फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेल्या हव्यात. कोमट कोला जास्त गोड लागतो आणि निकाल बिघडतो. एक पेला संपवून दुसरा घेण्याआधी साधं पाणी प्यायचं.

दुसरा टप्पा रविवारचा. चार रविवार, चार कोला, दर रविवारी एकच. नाव झाकलेला पूर्ण पेला, नेहमीच्या जेवणासोबत. जेवण झाल्यावर वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: पेला संपला का, आणि आणखी हवासा वाटला का. नावं चौथ्या रविवारीच उघडायची. गेल्या मे महिन्यात माझा भाचा, जो जन्मापासून स्वतःला पेप्सीवाला म्हणवत आला, त्याच्या वहीत कोकसमोर ‘संपला, अजून हवा’ आणि पेप्सीसमोर ‘थोडा उरला’ असं निघालं. त्याने वही दोनदा तपासली. या वर्षी त्याला पुन्हा चार रविवार हवे आहेत आणि पेले आत्याने भरावेत, अशी त्याची अट आहे.